छागळीतला पहिला घोट

चामड्यातलं पाणी प्यायला तुम्हाला किळस नाही का यायची, असं मला आजवर कित्येकांनी विचारलंय. त्यात माझी नातसूनही आहे. ती स्वतः प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी पिते आणि त्या बाटलीला येणारा वास तिला येत नाही. मी तिला म्हणते, बाई गं, तुझ्या आजेसासऱ्यांनी शिवलेली आणि मी मेण भरलेली छागळ वैशाखात बैलगाडीच्या साट्याखाली टांगून चाकणपासून चिंचवडापर्यंत आणली असतीस आणि मग त्यातलं पाणी घशाखाली घातलं असतंस, तर फ्रीजला नावं ठेवली असतीस. ती हसते. तिला वाटतं, म्हाताऱ्यांना जुनं सगळं गोड लागतं. लागतंच. पण पाणी गार होतं हेही खरं.

छागळ म्हटल्यावर आता लोकांना ट्रकच्या पुढे लोंबणारी कापडी पिशवी आठवते. आमची छागळ बकऱ्याच्या चामड्याची. नवरा ती शिवायचा आणि सासू तिच्यात मेण भरायची. लग्न होऊन मी चिंचवडला आले तेव्हा पिंपरीच्या माळावर कारखाने नुकते उभे राहायला लागले होते. पवनेच्या अंगाला गावाच्या खालच्या बाजूला आमचं घर, आणि घराआधी वास यायचा, बाभळीच्या सालीचा आणि हिरड्याचा. कातडं कमवायला ते लागतं. पहिले आठ दिवस मी पदर नाकाला लावून होते. सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, काही बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी म्हणाल्या, "कमळे, नाकाला पदर लावलास तर मेनाचा वास कसा कळंल? त्यो तर आपल्याला रोटी देतो." तेव्हापासून पदर डोक्यावर गेला.

काम कसं चालायचं ते सांगते. कमावलेलं कातडं भिजवून दोन तुकडे कापायचे, ते मेण लावलेल्या दोऱ्यानं एकमेकांना शिवायचे. गळ्याकडचं तोंड उघडं. मग आत नदीची ओली वाळू ठासून भरायची, म्हणजे पोट फुगून गोल होतं. तशीच सावलीत वाळवायची. वाळली की वाळू झाडून काढायची. आता भांडं तयार दिसतं, पण पाणी घातलंत तर रात्रभरात जमिनीत जाईल. म्हणून मेण. मावळातले ठाकर पोळ्याचं मेण आणायचे. त्यात राळ आणि थोडं करडईचं तेल टाकून चुलीवर वितळवायचं, छागळीत ओतायचं, गरागरा फिरवायचं आणि उरलेलं परत भांड्यात ओतून घ्यायचं. शिवणीच्या भोकाभोकांत ते जाऊन बसतं. बस, एवढंच. ऐकायला अर्ध्या तासाचं, शिकायला जन्म.

चरबीला आमच्या घरात मज्जाव होता. चरबीनं चामडं मऊ राहतं, खर्च कमी येतो. पण पाणी वाहणारे भिस्ती यायचे, ते विचारायचे, आक्का, डुकराची नाही ना? गाडीवाले मराठे यायचे, ते विचारायचे, गाईची नाही ना? आत्याबाईंचं एकच उत्तर, "कुनाचीच न्हाई." बकऱ्याचं कातडं आणि माशीचं मेण. दोघांच्याही देवाला त्यावर काही म्हणायला जागा नव्हती.

देवाचं सोडा, माणसांचं मात्र होतं. गावची मोट आमच्याच घरची. मोट म्हणजे विहिरीतून बैलांनी पाणी ओढायचं चामड्याचं मोठं भांडं. त्या मोटेचं पाणी सगळा गाव प्यायचा. आम्ही त्या विहिरीच्या पायरीवर चढायचं नाही. आमचं चामडं विहिरीत बुडायचं ते चालायचं, आमची घागर चालायची नाही. आत्याबाई म्हणायच्या, "आपल्यापरीस आपलं कातडं नशीबवान." हे सांगताना त्या हसत असायच्या. मला हसायला फार वर्षं लागली.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक वॉचमन थंडीत छागळीत कडक चहा भरून बसला आणि सकाळी मेणाची आमटी प्याला. दुसरा एक दापोडीकडचा दांडगा गडी. दारूबंदीचे दिवस होते. तो एकदम चार छागळी घेऊन गेला आणि महिन्याभरानं त्यानं चारही आणून अंगणात आदळल्या. म्हणाला, "गळतात. फसवलंत मला." आत्याबाईंनी विचारलं, "काय भरलं व्हतं?" तो म्हणाला, "पाणी. दुसरं काय भरणार?" आत्याबाईंनी एक छागळ नाकाशी नेली, मग दुसरी नेली. राळेचं एक आहे, ती पाण्याला दाद देत नाही पण दारूत विरघळते. "तुमच्या हिरीला मोहाचा वास येतो वाटतं," त्या म्हणाल्या. "लई गुणाची हीर हाय. कुठं हाय म्हनला?" गडी छागळी तिथंच टाकून गेला तो परत दिसला नाही. आम्ही त्या पुन्हा मेणवून विकल्या.

पण आत्याबाईंचं नाव होतं ते दुसऱ्याच कारणानं. आमच्या घराची एक रीत होती. नवी छागळ गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी ज्यानं मेण भरलं त्यानं तिच्यातला पहिला घोट गिऱ्हाइकासमोर प्यायचा. वरून धार धरून, पण गिळायचा, थुंकायचा नाही. ही काही पूजा नव्हती. त्याचा अर्थ साधा होता: हिच्यात काही वाईट नाही आणि ही दगा देणार नाही, याला मी जामीन. शिवणारा पीत नसे, मालक पीत नसे, मेण भरणाराच प्यायचा. कारण मेण भरणाऱ्याची चूक पहिल्या दिवशी दिसत नाही.

ती चूक अशी. मेण वितळेल इतकं तापायला हवं आणि चामडं भाजेल इतकं तापायला नको. या दोहोंमधली जागा अगदी अरुंद. थोडं जास्त तापलं की चामडं आतून करपतं. करपलेली छागळ गळत नाही, हेच तर वाईट. पाणी भरून राखेवर टांगा, राख कोरडी राहते. गिऱ्हाईक खूश होऊन घेऊन जातं. मग उन्हात हिंडता हिंडता एक दिवस गळ्याशी तडकते आणि माळावर जिथे मैलभर पाणी नाही तिथे रिकामी होते. आत्याबाई मेणाचा एक थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकायच्या. सोसला तर ओतायचं, नाही सोसला तर थांबायचं. त्यांच्या मनगटावर त्या थेंबांचे इतके डाग होते की गोंदण वाटावं. त्यांच्या हातची छागळ करपली असं कुणी म्हणाल्याचं माहेरी-सासरी कुठे ऐकलं नव्हतं. मला त्यांचा अभिमान होता. भीतीही होती, पण अभिमान जास्त.

अशात एक दिवस अब्बासचाचा आले. चाचा म्हणजे भिस्ती, कारखान्याच्या बांधकामावर मजुरांना पाणी पाजायचे. दिवाळीनंतर आमच्याकडून नवी मशक, म्हणजे पाठीवर वाहायची मोठी पखालीसारखी पिशवी, नेली होती. तिचा गळा तडकला होता. मान खाली घालून म्हणाले, "आक्का, माझ्याच हातनं पडली. दगडावर आपटली. नवा गळा लावून द्या, पैसे देतो."

मी मशक हातात घेतली. आपटून चामडं फाटतं, ओरखडतं. हे तसं नव्हतं. तोंडाची कड भाजलेल्या पापडासारखी आक्रसली होती आणि टिचकी मारली तर टक्क वाजत होती. चाचांनी आयुष्य मशकीखाली काढलं होतं, त्यांना हे कळत नव्हतं असं कसं म्हणू? ते खोटं बोलत होते, आणि आत्याबाईंसाठी बोलत होते. आत्याबाईंनी मशक उलटसुलट पाहिली. "सांबाळून वापरावं की चाचा, म्हातारं झालात," असं म्हणून हसल्या आणि गळा फुकट लावून दिला. त्यांच्या काही लक्षात आलं नाही, अशी माझी खात्री झाली.

त्यानंतर मी बघायला लागले. थेंब मनगटावर पडायचा, आत्याबाई क्षणभर थांबायच्या आणि ओतायच्या. पण माझ्या चेहऱ्याला भांड्याची धग लागायची आणि मला कळायचं की जास्त आहे. जन्मभर भाजून भाजून त्यांचं मनगट बधिर झालं होतं. रोज नाही चुकायच्या. कधी बरोबर, कधी जास्त. मी रात्री ह्यांना सांगितलं, "तुम्ही आत्याबाईंना सांगा." हे माझे यजमान अख्ख्या आळीत शिवणीला पहिले, बोलायलाही कमी नाहीत, पण आईसमोर जीभ टाळूला चिकटायची. म्हणाले, "मेणाचं तुमचं बायकांचं काम. तूच सांग."

दोन वर्षांची सून मी. जिनं मला मेणाचा वास घ्यायला शिकवलं तिला मी सांगू, तुमचा हात गेला? माझी हिंमत झाली नाही. मी आपली पळवाटा काढायची. "आत्याबाई, भाकरी टाकायचीय" म्हणून चुलीतला जाळ दुसऱ्या चुलीत ओढून घ्यायची. घरात पोर नसताना कुठेतरी पोर रडतंय असं म्हणून त्यांचं लक्ष वळवायची, की तेवढ्यात भांडं थंड व्हावं. एकदा त्या म्हणाल्या, "कमळे, तुला आजकाल लई भुका लागतात." मी लाजल्यासारखं केलं. आळीत दुसरीच बातमी पसरली.

उन्हाळा लागला तसा बाबूराव मुकादम दारात आला. नगरकडचा माणूस, पिंपरीच्या माळावर त्याच्या हाताखाली बरीच माणसं विटा वाहायची. मातीचे माठ फुटत होते, आणि माणसं काम सोडून लांब पाण्याला जायची. त्याला दीड डझन छागळी हव्या होत्या, प्रत्येक टोळीला एक. "अब्बासनं तुमचं नाव सांगितलं," तो म्हणाला. "पण आक्का, आधीच सांगतो. उन्हात एक जरी फुटली तर मी पत्र्याचे डबे आणीन. मग सगळ्या माळावर डबेच येतील." म्हणजे काय ते आम्हाला कळलं. मोटांच्या जागी इंजिनं येतच होती. माळावर काम मिळालं असतं तर आमचा धंदा आणखी काही वर्षं टिकला असता, आणि गेलं असतं तर आत्याबाईंच्या नावासकट गेलं असतं.

हे दिवसरात्र शिवत बसले. वाळताना एखादी छागळ उकलते, म्हणून ते नेहमी चार-पाच जास्तीच्या करायचे. आत्याबाईंनी मेण भरलं. मी जवळच होते, जाळ ओढत होते, पण किती ओढणार? दीड डझन भरून झाल्यावर मी एकेकीच्या गळ्यावर टिचकी मारली. बहुतेकींचा आवाज मऊ आला. चौघींचा टक्क आला.

आत्याबाई दुसऱ्या दिवशी चाकणच्या बाजाराला गेल्या, खाटकांकडून कातडी आणायला. त्यांची गाडी वळणाआड गेली तशी मी चूल पेटवली. ह्यांनी जास्तीच्या कोऱ्या छागळी काढून दिल्या. मी पहिल्यांदाच एकटीनं मेण चढवलं. थेंब मनगटावर टाकला तेव्हा ओरडले, हे पळत आले. मी म्हटलं, ओरडणं चांगलंय, अजून कळतंय मला. जाळ काढून थांबले, परत थेंब टाकला, मग भरल्या. चार नव्या रांगेत टांगल्या आणि करपलेल्या चार सालीच्या ढिगाखाली खोल पुरून टाकल्या. संध्याकाळी आत्याबाई आल्या, कातडी उतरवली, छागळींकडे नजर टाकली आणि जेवायला बसल्या. मला इतका आनंद झाला होता की भाकरी जाळली.

सकाळी सगळ्या छागळी पाण्यानं भरून राखेवर टांगल्या. राख कोरडी राहिली. आत्याबाई म्हणाल्या, "झ्याक."

गाडीत घालून आम्ही तिघं पिंपरीच्या माळावर गेलो. टळटळीत दुपार. मजूर सावलीला बसले होते, मुकादम आणि अब्बासचाचा उभे होते. रीतीप्रमाणे आत्याबाई एकेक छागळ उचलायच्या, वरून धार धरून एक घोट घ्यायच्या आणि मुकादमाच्या पुढ्यात ठेवायच्या. मजुरांना मजा वाटायला लागली. एक जण ओरडला, "आक्का, आमाला ठेवा की थोडं!" दुसरा कुजबुजला, "ह्यांनी प्यायल्यावर आपण प्यायचं व्हय?" चाचा त्याच्याकडे न बघता म्हणाले, "गावाकडं मोटेचं पाणी पीत नव्हतास काय रे, राजा?"

अर्ध्याहून जास्त झाल्या असतील. आत्याबाईंनी पुढची छागळ उचलली, बूच काढलं, आणि बोट गळ्याच्या आतून फिरवलं. थांबल्या. मी डावखुरी आहे. उरलेलं मेण परत ओतून घेताना आत्याबाई छागळ उजवीकडे कलवायच्या, मी डावीकडे. गळ्याच्या ज्या कडेवरून मेण ओघळतं तिथे एक जाडसर ओठ राहतो. तो ओठ चुकीच्या बाजूला होता. हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मुकादम पुढे झाला. "का हो, गळते का?"

"गळत न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पर ही म्या भरल्याली न्हाई. माझ्या सुनंनं भरलीया. हिचा घोट तिचा." आणि छागळ माझ्यापुढे धरली.

इतक्या पुरुषांसमोर मान वर करून धार धरायची! अर्धं पाणी पदरावर सांडलं. पण घोट घेतला. त्याला मेणाची किंचित चव होती आणि तो गार होता. आत्याबाईंनी उरलेल्यांतून बरोबर माझ्या तिन्ही वेचून काढल्या, माझ्याकडे दिल्या, आणि स्वतःच्या स्वतः प्यायल्या. मुकादमानं सगळ्या घेतल्या. त्या उन्हाळ्यात एकही फुटली नाही, आणि पुढची काही वर्षं माळावर आमच्याच छागळी होत्या.

परतताना हे बैलांबरोबर पुढे चालत होते, आम्ही दोघी गाडीच्या मागच्या टोकाला पाय सोडून बसलो होतो. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. आत्याबाईंनी मनगट माझ्यापुढे धरलं.

"हितं काय बी कळत न्हाई आता. दिवाळीपासनं."

मी गारच पडले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"अब्बासची मशक बगून ठावं न्हाई का व्हनार? तुझ्या भुका बी ठाव्या व्हत्या. सालीच्या ढिगात काय पुरलंस ते बी बगितलं."

"मग बोलला का नाहीत, आत्याबाई?"

"अब्बास खोटं बोलला. त्यो परका, त्येचं बराबर हाय. ल्योक भितो, त्येला म्या सोडून दिलं. तुजी मातर वाट बगत व्हते. रोज भांडं चुलीवर ठेवलं की वाटायचं, आज कमळी म्हनंल, आत्याबाई, लई तापलंय. येवढंच. तू जाळ वढलास, बहाणं केलंस, मरंमर काम केलंस, माझं नाव राकलंस. पर मला सांगितलं न्हाईस. म्या म्हनलं, दोन वर्सं झाली, पोरगी अजून पाव्हनीच हाय आमच्या घरात."

मी रडले. खूप रडले. मोठ्या माणसाचा मान राखणं म्हणजे त्याला एकटं पाडणं असू शकतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ह्यांनी मागे वळून पाहिलं, आणि शहाणपणानं परत बैलांकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी नव्या छागळी वाळून आल्या होत्या. आत्याबाईंनी चुलीवर मेण चढवलं, नेहमीसारख्या पुढ्यात बसल्या. मेण वितळलं. त्यांनी थेंब मनगटावर टाकला आणि भांडं उचलायला फडकं घेतलं. माझ्या तोंडावर धग येत होती. माळावर घोट घेण्याहून हे अवघड होतं.

"आत्याबाई," मी म्हटलं, "लई तापलंय."

त्यांनी फडकं माझ्या हातात दिलं आणि चुलीपासून जरा बाजूला सरकून मला जागा करून दिली.